काचपट्टीवर दिसते ते सगळेच ऊतीचे नसते

शालेय विज्ञानात 'ऊती' हा विषय आला की त्याबरोबर आकृत्यांचा एक ठरावीक संच येतो. फरशांप्रमाणे एकमेकींना चिकटून बसलेल्या अभिस्तर ऊतीच्या पेशी, आडवे पट्टे असलेले स्नायुतंतू, फांद्या फुटलेली चेतापेशी आणि अंगठीसारख्या रिकाम्या दिसणाऱ्या मेदपेशी. विद्यार्थी या आकृत्या वहीत उतरवतो, भागांना नावे देतो आणि परीक्षेत दोन-तीन गुण मिळवतो. या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. हे चित्र ज्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, त्याने ते दिसावे म्हणून त्या ऊतीचे आधी काय काय केले होते?

आमची तक्रार या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आपली पाठ्यपुस्तके आणि आपली प्रात्यक्षिके विद्यार्थ्यापुढे निष्कर्ष ठेवतात, पण तो निष्कर्ष ज्या कृतीतून आला ती कृती झाकून ठेवतात. त्यामुळे दिसणाऱ्या चित्रातला कोणता भाग ऊतीचा आणि कोणता भाग आपण केलेल्या प्रक्रियेचा, हे ठरवण्याचे साधनच विद्यार्थ्याच्या हाती राहत नाही. ही उणीव वरवर किरकोळ वाटते. ती तशी नाही, हे दाखवण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

पुस्तकाने काय दिले, काय दिले नाही

प्रथम पुस्तकांना त्यांचे श्रेय देऊ. बालभारतीच्या २०१७ सालच्या इयत्ता नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकात जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात प्राणी व वनस्पती यांच्या ऊतींचा परिचय येतो. ऊतींचे प्रकार, त्यांची स्थाने आणि कार्ये यांची मांडणी नीटनेटकी आहे, आणि तेथून ऊती संवर्धनाकडे जाण्याचा मार्गही योग्य आहे. कांद्याचा किंवा पानाचा पापुद्रा काढून रंगवण्यासारख्या कृतीही शालेय पुस्तकांना अपरिचित नाहीत.

पण पापुद्रा काढण्याची सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. तो एका पेशीच्या जाडीचा असतो, त्यातून प्रकाश आरपार जातो. यकृताला, स्नायूला किंवा मेंदूला असा पापुद्रा नसतो. बोटभर जाडीच्या, ओल्या, मऊ, अपारदर्शक आणि काही तासांत कुजू लागणाऱ्या तुकड्यापासून पुस्तकातल्या स्वच्छ चित्रापर्यंतचा प्रवास मोठा आहे. तो प्रवास पुस्तकात नसतो. चित्राखाली छेद कोणत्या दिशेने घेतला, कोणता रंग वापरला, चित्र किती पट मोठे केले, यांपैकी काहीही बहुतेक वेळा लिहिलेले नसते.

इतिहास सांगतानाही हेच घडते. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचात पेशी पाहिल्या, हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. हूकने 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मात्र आपली कृतीही सांगितली आहे. त्याने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा एक पृष्ठभाग गुळगुळीत कापून पाहिला. त्यावर छिद्रे असावीत असे वाटले, पण खात्री होईना. मग त्याने त्याच धारेने अत्यंत पातळ काप काढला, तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि बहिर्गोल भिंगाने त्यावर प्रकाश पाडला. तेव्हा कुठे त्याला ते कप्पे स्पष्ट दिसले. म्हणजे पेशीच्या शोधात सूक्ष्मदर्शकाइतकाच वाटा चाकूच्या धारेचा आहे. आणि ते कप्पे रिकामे दिसले, कारण बूच ही मृत ऊती आहे. हूकची ही कृती वर्गात सांगायला दोन मिनिटे पुरतात. तेवढीच आपण गाळतो.

तुकड्यापासून काचपट्टीपर्यंत

हा प्रवास थोडक्यात पाहू, म्हणजे पुढची टीका समजणे सोपे जाईल.

शरीरातून वेगळी केलेली ऊती तत्काळ बिघडू लागते. पेशीतलीच विकरे पेशीला पचवू लागतात आणि जिवाणूही आपले काम सुरू करतात. हे थांबवण्याच्या पायरीला स्थिरीकरण म्हणतात. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रावण म्हणजे दहा टक्के फॉर्मालिन. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे हे प्रमाण असते, आणि त्याची आम्लता वाढू नये म्हणून त्यात क्षार घालतात. फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लूम याने १८९३ साली फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करताना आपल्या बोटांची त्वचा कडक झाल्याचे पाहिले, आणि त्यातून ऊती टिकवण्याचा हा मार्ग सापडला. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते. ते ऊतीत हळूहळू शिरते. सुरुवातीचा वेग ढोबळ मानाने तासाला एक मिलिमीटर धरतात आणि खोलवर तो आणखी मंदावतो. म्हणूनच तुकडा लहान हवा आणि द्रावण तुकड्याच्या दहा ते वीस पट हवे. मोठा अवयव न कापता तसाच बुडवून ठेवला, तर बाहेरून तो टिकलेला दिसतो आणि आतून खराब झालेला असतो.

स्थिर झालेली ऊतीही पातळ कापता येत नाही, कारण ती मऊ असते. तिला आतून आधार द्यावा लागतो, आणि तो आधार मेणाचा असतो. मेण पाण्यात मिसळत नाही आणि ऊती तर पाण्याने भरलेली असते. म्हणून ७० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवून ऊतीतले पाणी काढतात. अल्कोहोलही मेणात मिसळत नाही, म्हणून दोघांशीही जमणारे जायलीन वापरून अल्कोहोल काढतात. त्यानंतर साधारण साठ अंश सेल्सिअसला वितळलेले मेण ऊतीच्या कणाकणात शिरते. थंड झाल्यावर ऊतीसह मेणाची वडी तयार होते.

ही वडी मायक्रोटोम या यंत्रावर बसवून तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसापेक्षा हा छेद पंधरा-वीस पट पातळ असतो. तो कोमट पाण्यावर तरंगवून सुरकुत्या काढतात आणि काचपट्टीवर उचलून घेतात. मग मेण विरघळवून टाकायचे, पाणी परत आणायचे आणि रंग द्यायचा.

रंग द्यावाच लागतो, कारण इतक्या पातळ छेदात ऊती जवळजवळ रंगहीन असते. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. तो नुसता ऊतीला नीट धरत नाही. त्याला ॲल्युमिनियमच्या क्षाराची, म्हणजे तुरटीची जोड लागते. कापड रंगवणारे रंगारी तुरटी का वापरतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिन या दुसऱ्या रंगाने पेशीद्रव्य व तंतू गुलाबी होतात. पुस्तकांतली गुलाबी-जांभळी छायाचित्रे या जोडीची देणगी आहेत. ऊतीचा तो मूळ रंग नव्हे, हे सांगितले नाही तर विद्यार्थ्याला कळणार कसे?

प्रक्रियेने पुसलेले आणि प्रक्रियेने घातलेले

आता मेदपेशीकडे येऊ. तिची आकृती एका पातळ वर्तुळाची असते, कडेला दाबले गेलेले केंद्रक आणि मध्ये पोकळी. विद्यार्थ्याला वाटते की चरबी साठवणारी पेशी आतून रिकामी असते. हा विरोधाभास कोणी बोलून दाखवत नाही. प्रत्यक्षात ती पेशी चरबीने गच्च भरलेली होती. अल्कोहोल आणि जायलीन यांनी ती चरबी विरघळवून नेली आणि मागे जागा राहिली. चरबी पाहायची असेल तर मेणाचा मार्ग सोडून ऊती गोठवून कापावी लागते आणि चरबीला धरणारा रंग द्यावा लागतो. तेव्हा तीच पेशी भरलेली दिसते. आकृती चूक नाही. तिच्याखालचे एक वाक्य गहाळ आहे.

काही गोष्टी प्रक्रियेत पुसल्या जातात, तशा काही नव्याने घातल्याही जातात. ऊती आकसते आणि पेशींच्या समूहाभोवती पांढऱ्या फटी पडतात. छेद दुमडला तर गडद पट्टा दिसतो. फॉर्मालिन आम्लधर्मी झाले, तर रक्ताने भरलेल्या ऊतीत तपकिरी-काळे कण तयार होतात. मलेरियातही ऊतीत असेच गडद कण आढळतात. प्रक्रियेचा इतिहास ठाऊक नसलेला निरीक्षक या दोहोंत फसू शकतो.

यापेक्षाही बोलके उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. कुष्ठरोगाच्या जिवाणूभोवती मेणासारखे आवरण असते आणि त्याची ओळख पटवणारा लाल रंग या आवरणाच्या आधारानेच टिकतो. नेहमीच्या पद्धतीने जायलीन वापरून छेदातले मेण काढले, तर या आवरणालाही धक्का लागतो आणि जिवाणू रंग सोडून देतो. ऊतीत जिवाणू असूनही काचपट्टीवर तो दिसेनासा होऊ शकतो. यावर फाइट-फराको पद्धतीत जो उपाय केला जातो तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. जायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात. तेलामुळे जिवाणूचे आवरण जपले जाते आणि रंग टिकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊतींचाही बारकाईने अभ्यास केला होता. असा अभ्यास उभा राहतो तो काचपट्टी कशी केली यावरच. 'जिवाणू आढळले नाहीत' या वाक्याचा अर्थ, ती काचपट्टी कोणत्या पद्धतीने केली हे कळल्याखेरीज पूर्ण होत नाही.

मेसोसोमचा धडा

येथवर आम्ही पुस्तकांनी काय गाळले ते पाहिले. आता पुस्तकांनी काय घुसू दिले ते पाहू.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जिवाणूंच्या पेशीतील 'मेसोसोम' नावाच्या रचनेचे वर्णन अनेक वर्षे छापले गेले आहे. पेशीपटल आत वळून ही रचना होते, आणि पेशीभित्ती तयार करणे, डीएनएचे द्विगुणन, श्वसन अशी कामे करण्यास ती मदत करते, असे विद्यार्थी शिकतात. प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुले ही यादी तोंडपाठ करतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा घड्या १९५० च्या दशकात दिसल्या आणि १९६० साली त्यांना मेसोसोम हे नाव मिळाले. तेव्हा त्यांना खऱ्या मानण्यात काही गैर नव्हते. पण जिवाणू रसायनांनी स्थिर करण्याऐवजी अतिशय वेगाने गोठवून पाहण्याच्या पद्धती विकसित झाल्या, तेव्हा या घड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. रासायनिक स्थिरीकरण केले की त्या पुन्हा दिसत. १९८० च्या दशकापर्यंत संशोधकांचे मत स्पष्ट झाले होते : मेसोसोम ही निरोगी जिवाणूच्या पेशीतली रचना नसून स्थिरीकरणात पेशीपटलाला पडलेली घडी आहे. म्हणजे नमुना तयार करताना झालेल्या बिघाडाला आपण इंद्रियकाचा दर्जा दिला, त्याला कामे नेमून दिली आणि त्यावर गुण ठेवले.

याच्या उलट उदाहरण गॉल्जी पिंडाचे. कामिलो गॉल्जी याने १८९८ साली चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत एक जाळीदार रचना पाहिली. चांदीचा हा रंग लहरी होता. कधी जाळी दिसे, कधी दिसत नसे. अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी कित्येक दशके असे मानले की ती रचना खरी नाही, रंगवण्याच्या पद्धतीतला तो दोष आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगळ्या पद्धतीने तयार केलेल्या नमुन्यांतही ती रचना दाखवली आणि वाद मिटला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की विज्ञानाची एक मोठी शिस्त हाती येते. एकाच पद्धतीने दिसलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास टाकू नये. तयारीची पद्धत बदलूनही ती दिसत राहिली, तर ती खरी असण्याची शक्यता वाढते. मेसोसोम या कसोटीत नापास झाला आणि गॉल्जी पिंड उत्तीर्ण झाला. आपल्या पुस्तकात मात्र दोघेही एकाच पानावर, एकाच सुरात, सारख्याच ठामपणे उभे असतात. आमच्या मते मेसोसोम पुस्तकातून काढून टाकण्यापेक्षा त्याची ही हकीकत पुस्तकात घालणे अधिक उपयोगाचे ठरेल.

द्राक्षबागायतदार काय जाणतो

ही शिस्त शाळकरी मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्याला उत्तर आमच्या जिल्ह्यातच आहे. आम्ही राहतो त्या नाशिकच्या इंदिरानगर भागातून दिंडोरीच्या किंवा निफाडच्या दिशेने निघाले, तर तासाभरात द्राक्षबागा लागतात. येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या शेवटी, ऑक्टोबरच्या आसपास, फळ छाटणी होते. एप्रिलनंतर वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड अतिसूक्ष्म रूपात तयार होतात. ते कोणत्या डोळ्यात आहेत हे बाहेरून दिसत नाही. काडी चुकीच्या डोळ्यावर छाटली, तर हंगामच हातचा जातो.

म्हणून बागायतदार फळ छाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत नेतो. तेथे एकेक डोळा पात्याने थराथराने कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात. ही ऊतीची तपासणीच आहे. मेण आणि रंग यांखेरीज केलेली. आणि बागायतदाराला तिच्या मर्यादा नेमक्या ठाऊक असतात. काड्या बागेच्या एकाच कोपऱ्यातल्या घेतल्या, तर अहवाल त्या कोपऱ्याचाच असेल. काडी सुकली, तर डोळा नीट कापला जाणार नाही. छेद तिरका गेला, तर घड हुकेल. अहवाल हाती घेताना तो नमुन्याचा विचार करतो, कारण त्याचे पीक त्यावर अवलंबून आहे. ज्या गावात वडील हा विचार करतात, त्याच गावातल्या नववीच्या मुलाला आपण ऊतीचे चित्र पाठ करायला लावतो.

प्रात्यक्षिकांची स्थिती

प्रात्यक्षिकांनी ही उणीव भरून काढावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे लाकडी पेटीतल्या तयार काचपट्ट्या ओळखणे. परीक्षेत सूक्ष्मदर्शक आधीच जुळवून ठेवलेला असतो, विद्यार्थी डोळा लावतो आणि नाव लिहितो. काचपट्टीच्या कोपऱ्यावरची चीर किंवा लेबलाचा रंग लक्षात ठेवून उत्तर लिहिणारे विद्यार्थी शिक्षकांना अपरिचित नसतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ओळखणे एवढेच विचारले, की ओळखण्याचा जो स्वस्त मार्ग असेल तो ते शोधणारच.

तयार काचपट्ट्या टाकून द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. त्या चांगल्या असतात आणि शाळेत मायक्रोटोम असणे शक्यही नाही. बदलायचा आहे तो प्रश्न. 'ही ऊती कोणती?' याच्या जोडीला 'या छेदात कोणती गोष्ट प्रक्रियेमुळे दिसत असावी?' असा एक प्रश्न विचारता येईल. त्याला एकच ठरलेले उत्तर नाही, म्हणून तो परीक्षेला अवघड आहे हे खरे. पण वर्गात विचारायला काहीच अडचण नाही.

वर्गात करता येण्याजोगे

फॉर्मालिन आणि जायलीन वर्गात आणू नयेत, हे प्रथमच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्याही मुलांसमोर उघडू नयेत. तत्त्वे समजावण्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे.

स्थिरीकरणासाठी अंडे घ्यावे. कच्चे अंडे कापता येत नाही. उकडलेल्याच्या चकत्या पडतात. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक थोड्या स्पिरिटमध्ये टाकला, तर तो उष्णतेशिवायच पांढरा आणि घट्ट होतो. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नसावी. प्रथिनांचे रूप बदलले म्हणून ते कापण्याजोगे झाले, आणि रूप बदलले म्हणूनच ते आता पूर्वीचे अंडे राहिले नाही. स्थिरीकरणाची किंमत आणि लाभ दोन्ही या एका वाटीत दिसतात.

छेदाच्या दिशेसाठी एक काकडी पुरते. आडवी कापली की वर्तुळे, तिरकी कापली की लंबवर्तुळे, उभी कापली की पट्ट्या. तीन गटांना तीन प्रकारचे काप देऊन मूळ वस्तूचा आकार काढायला सांगावा. स्नायूची किंवा खोडाची आकृती एका छेदाची असते, ही गोष्ट मुले मग विसरत नाहीत. त्यानंतर गाजराला चीर पाडून तिच्यात एखाद्या रोपाची कोवळी काडी धरावी आणि नव्या पात्याने पातळ काप घ्यावेत. पाते शिक्षकांनी स्वतः हाताळावे किंवा मोठ्या विद्यार्थ्यांकडून देखरेखीखाली वापरून घ्यावे. येथे गाजर जे काम करते तेच काम मेण करते. वीस कापांत दोन चांगले निघाले तरी पुरे. बाकीचे अठरा फेकू नयेत; ते का बिघडले हे पाहण्यातच अर्धा धडा आहे.

तिसरा प्रयोग कांद्याचा, आणि नाशिक जिल्ह्यात कांद्याची वानवा नाही. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा घ्यावा. एक तुकडा साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात ठेवावा. अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ पुरते. पाच-दहा मिनिटांनी पाहिले तर पाण्यातल्या पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात, आणि मिठातल्या पेशींत जांभळा भाग आकसून भित्तीपासून सुटलेला दिसतो. परासरणाचा प्रयोग म्हणून हा सर्वांना माहीत आहे. आमची सूचना एवढीच, की मुलांना कोणता पापुद्रा कोणत्या पाण्यात ठेवला हे आधी सांगू नये. दोन्ही दाखवून 'यातला खरा कांदा कोणता?' असे विचारावे. त्यावर होणारी चर्चा कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवते.

घरापर्यंत पोचणारी गोष्ट

हे सारे केवळ विज्ञानाच्या तासापुरते राहत नाही. कुटुंबात कोणाला गाठ आली, तर कधीतरी त्यातला तुकडा काढून तपासावा लागतो. पुष्कळदा तो तुकडा नातेवाइकांच्या हाती देऊन प्रयोगशाळेत पोचवायला सांगतात. अशा वेळी तो नुसत्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये रात्रभर राहिला, कोरडा राहिला, अथवा टिकावा म्हणून घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गेला, तर पेशी बिघडतात. बर्फाचे स्फटिक पेशींना फाडतात. अशा तुकड्यापासून उत्तम तज्ज्ञही खात्रीचे निदान करू शकत नाही, आणि दुसरा तुकडा काढणे दरवेळी शक्य नसते.

म्हणून बाटली हाती घेतानाच दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. तुकडा फॉर्मालिनमध्ये आहे का? द्रावण पुरेसे आहे का आणि तोंड रुंद आहे का? रुग्णाचे नाव आणि अवयवाचे नाव बाटलीवर लिहिले आहे का? क्षयासारख्या रोगाचे जंतू वाढवून पाहायचे असतील, तर तो तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून चालत नाही, कारण जंतू मरतात. म्हणून तपासणी कोणती आहे हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. अहवालाला दोन-चार दिवस का लागतात, हे वर सांगितलेल्या पायऱ्या वाचणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. शस्त्रक्रिया चालू असताना तातडीने उत्तर हवे असेल, तर ऊती गोठवून काही मिनिटांत छेद घेतात, पण त्या छेदात बारकावे कमी दिसतात. वेग आणि स्पष्टता यांची ही देवघेव ज्याला कळते, तो अहवालाची वाट शांतपणे पाहतो, आणि गरज पडल्यास योग्य प्रश्नही विचारतो.

आपल्या वर्गातले बहुसंख्य विद्यार्थी पुढे कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार नाहीत. अहवाल मात्र प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी पडणार आहे. त्यांना ऊतींचे चार प्रकार आठवले नाहीत तर फारसे बिघडणार नाही. अहवालामागे एक नमुना असतो आणि तो नमुना कोणीतरी कसा तरी तयार केलेला असतो, एवढे त्यांना कळायला हवे.

पाठ्यपुस्तक मंडळांकडे आमची मागणी साधी आहे. ऊतीच्या प्रत्येक चित्राखाली एक ओळ छापावी : छेदाची दिशा, वापरलेला रंग, किती पट मोठे केले ते, आणि प्रक्रियेत काय निघून गेले ते. यासाठी पाने वाढवावी लागणार नाहीत. ती ओळ छापली जाईपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर चित्र काढताना ती स्वतःच लिहावी. सुरुवात मेदपेशीपासून करता येईल.